'नवे' म्हणजे कुणासाठी नवे?

एप्रिल २०१३ मध्ये कॅरोलिन शॉ या तीस वर्षांच्या अमेरिकन संगीतकार-गायिकेला पुलित्झर मिळाले. संगीताचे पुलित्झर मिळवणारी ती सर्वांत तरुण. कृतीचे नाव 'पार्टिटा फॉर एट व्हॉइसेस', गाणारा वृंद 'रूमफुल ऑफ टीथ'. ही कृती ज्या अल्बमवर आली तो या वृंदाचा पहिलाच अल्बम, २०१२ च्या ऑक्टोबरात न्यू अ‍ॅम्स्टरडॅम रेकॉर्ड्स या छोट्या इंडी कंपनीने काढलेला. जानेवारी २०१४ मध्ये ग्रॅमीही मिळाले. आठ गळे, वाद्य जवळपास नाहीच, आणि मोठमोठ्या माध्यमांना अचानक शोध लागला की माणसाचा गळा असेही आवाज काढू शकतो.

पुलित्झरच्या प्रशस्तिपत्रात कुजबुज, सुस्कारे, पुटपुटणे यांचे कौतुक आहे आणि शेवटी 'नॉव्हेल', म्हणजे नवे, स्वरपरिणाम असल्याचे म्हटले आहे. माझे भांडण या एका शब्दाशी आहे.

'पार्टिटा'चा तिसरा भाग 'कुरांत' ऐका. श्वास आत, श्वास बाहेर, त्यावर घोगरा ठेका. हा ठेका आर्क्टिकमधल्या इन्युइट बायकांच्या 'कताज्जक'मधून आलेला आहे. पुरुष शिकारीला गेले की दोन बायका समोरासमोर उभ्या राहतात, एकमेकींचे दंड धरतात आणि गळ्यातून आवाजांची चढाओढ सुरू होते. जिला आधी हसू फुटेल किंवा जिचा दम तुटेल ती हरली. खेळ आहे हा, आणि पिढ्यान्‌पिढ्या जुना आहे. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी तो दडपला, बऱ्याच ठिकाणी तो कित्येक दशके बंद राहिला. त्यातून तो वाचला, आणि २०१४ मध्ये क्वेबेक सरकारने त्याला प्रांताच्या अमूर्त वारशात पहिले स्थान दिले. म्हणजे ज्या काळात एका देशातले परीक्षक त्याला नवा परिणाम म्हणत होते, त्याच सुमारास शेजारच्या देशात त्याच आवाजाची जुना वारसा म्हणून नोंद होत होती.

आता गैरसमज नको. मी हा अल्बम आवडीने ऐकतो. हेडफोन लावून कोड लिहिताना तर फारच. 'त्यांनी हे गायलेच कसे' असे म्हणणाऱ्यांत मी नाही. कुणाचा आवाज कुणी गायचा यावर पहारे बसवले तर आपल्याकडचेही निम्मे संगीत बंद पडेल. शिवाय या लोकांनी चोरून काही घेतलेले नाही. ब्रॅड वेल्सने २००९ मध्ये वृंद उभा केला तो याच कल्पनेवर की जगभरच्या गायनपद्धती शिकायच्या. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थ अ‍ॅडम्सच्या 'मास मोका' या कलासंग्रहालयात उन्हाळ्यात जमायचे, शिक्षक बोलवायचे. तुवाचे कंठगायन, कोरियाची पान्सोरी, सार्डिनियाचे गाणे, हिंदुस्थानी संगीतसुद्धा. इन्युइट गायिकांकडून ते रीतसर शिकले.

मग अडचण काय? अडचण नावांची आहे. 'पार्टिटा'त आणखी एक उसनवारी आहे. सोल लेविट या चित्रकाराच्या 'वॉल ड्रॉइंग ३०५' मधल्या सूचनांचे शब्द त्यात बोलले जातात. हे चित्र त्याच संग्रहालयाच्या भिंतीवर आहे. या कृतीबद्दल लिहिणारे लेविटचे नाव हमखास घेतात, चित्राच्या क्रमांकासकट. भिंतीवरच्या चित्राला क्रमांक आणि बाईच्या गळ्यातल्या खेळाला 'परिणाम'! ज्याची सही संग्रहालयात आहे तो कलाकार, जिची नाही ती कच्चा माल.

ऑक्टोबर २०१९ मध्ये तान्या तगाकने हे जाहीरपणे बोलून दाखवले. ती नुनावुतमधल्या केंब्रिज बे गावची. घरापासून दूर शिकत असताना आईने पाठवलेल्या टेप ऐकून ती कंठगायन शिकली, आणि २०१४ चे कॅनडाचे पोलारिस पारितोषिक तिच्या 'अ‍ॅनिमिझम' अल्बमला मिळाले. वृंदाकडून उत्तर आले की आम्ही इन्युइट शिक्षकांकडून शिकलो, त्यांना मोबदलाही दिला. उत्तर सभ्य होते, श्रेय अधिक स्पष्ट द्यायला हवे याकडे त्यांनी पाठ फिरवली नाही, हेही मान्य. पण मोबदल्याचा मुद्दा मला पटत नाही. शिकवणीची फी ही शिकवणाऱ्याच्या वेळेची असते. कताज्जक त्या शिक्षिकांच्या एकटीच्या मालकीचे नव्हते, तेव्हा त्या ते विकूही शकत नव्हत्या.

माझ्या धंद्यात हा प्रश्न कधीच सुटला आहे. तुमच्या फोनच्या सेटिंग्जमध्ये खोल कुठेतरी 'ओपन सोर्स लायसन्सेस' असे पान असते. उघडून बघा, संपता संपत नाही. एमआयटी लायसन्सचा कोड फुकट घ्या, बदला, त्यावर अब्जावधी कमवा, पैसा द्यावा लागत नाही. अट मुख्यतः एकच: मूळ लिहिणाऱ्याच्या नावाची आणि परवान्याची नोंद प्रत्येक प्रतीबरोबर गेली पाहिजे. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्या निमूटपणे हे करतात. बोअर काम आहे, कुणी वाचत नाही, तरी करतात. मग आठ जणांच्या अल्बमला आणि त्यावर लिहिणाऱ्या समीक्षकांना ते जड का जावे?

आणि ही काही पाश्चात्त्यांनी शोधलेली शिस्त नाही. हा वृंद ज्या हिंदुस्थानी संगीताकडे गेला, त्यात उस्तादांचे नाव घेताना गाणारा कानाच्या पाळीला हात लावतो. मिरजेला अब्दुल करीम खाँसाहेब, कोल्हापूरला अल्लादिया खाँसाहेब, यांचे शिष्य कोणत्याही जातीधर्माचे असोत, घराणे सांगितल्याशिवाय त्यांची ओळख पुरी होत नाही. तरी आपण स्वतःची पाठ लवकर थोपटू नये. हा मान उस्तादांना मिळाला, जात्यावर गाणाऱ्या बायकांना नाही. तिथे आपण 'लोकगीत' लिहून मोकळे झालो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, तेव्हा ओवीसोबत गाणारणीचे नाव आणि गाव लिहिले. आज 'पारी'वर ती नावे वाचता येतात. लाख ओव्यांना जमते!

तुमच्यातले बरेच जण आता मोबाइलवरच रेकॉर्ड करतात. नानीचे लग्नातले गाणे, उरुसातली कव्वाली, खाली बीट, वर रॅप. करा, जरूर करा. फक्त ते अपलोड करताना फॉर्ममध्ये संगीतकाराचा रकाना येतो. तिथे बहुतेक जण 'ट्रॅडिशनल' टाकतात किंवा सरळ स्वतःचे नाव. नानी शेजारच्या खोलीत बसलेली असते. तिला विचारा की हे गाणे तिने कुणाकडून उचलले. ती एखाद्या खालाचे नाव सांगेल, कदाचित गावही. रकाना मोकळाच असतो, त्यात तीस-चाळीस अक्षरे सहज बसतात.