औषधाचा कारखाना निसर्गाबाहेर असतो का?

"डॉक्टर, केमिकलच्या गोळ्या नकोत, काहीतरी नैसर्गिक द्या." निगडीत दवाखाना चालवणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला हे वाक्य नवीन नाही. म्हणणाऱ्याची भावना मला समजते. एकीकडे भोसरी-चाकणचे कारखाने, धूर, कंटेनरची रांग. दुसरीकडे दुर्गा टेकडीवरची झाडं. माणसाने केलं ते कृत्रिम, झाडाला आलं ते नैसर्गिक आणि नैसर्गिक ते निर्धोक, अशी आपण सरळ वाटणी करून टाकतो. माझ्या मते ही वाटणीच चुकीची आहे आणि तब्येतीच्या बाबतीत ती फार महागात पडते.

आपल्या पिंपरीचंच उदाहरण घ्या

जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने पुण्याकडे जाताना पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लागते, आपली 'एचए कंपनी'. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने केंद्र सरकारने ती १९५४ मध्ये उभी केली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं.

पण पेनिसिलिन बनवतं कोण? एक बुरशी. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेत जी अवचित दिसली, तिच्याच जातकुळीतली. कारखान्यात तिला मोठ्या टाकीत खाणं, हवा आणि योग्य तापमान मिळतं. औषध तीच तयार करते, माणूस ते गाळून शुद्ध करतो. पुढे याच कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून 'हॅमायसिन' हे बुरशीच्या संसर्गावरचं औषध शोधलं. त्या जीवाचं शास्त्रीय नाव 'स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना'. त्या नावात आपली पिंपरी आहे!

आता सांगा, मातीतला जीव नैसर्गिक आणि टाकीतला कृत्रिम, ही रेघ नेमकी कुठे ओढायची?

पावसाळ्यात वारुळावर अळंबी उगवतात, त्या तुम्ही पाहिल्या असतील, कदाचित खाल्ल्याही असतील. वाळवीच्या काही जाती वारुळाच्या आत बुरशीची चक्क शेती करतात. तिला खाणं पुरवतात, आतली हवा खेळती ठेवतात. वारुळाला आपण बिनदिक्कत निसर्ग म्हणतो. मग माणसाच्या टाकीला का नाही? फरक आहे तो वेगाचा आणि आवाक्याचा. आपण शिकलेलं लिहून ठेवतो, पुढच्या पिढीला देतो, त्यामुळे आपलं 'वारूळ' फार झपाट्याने वाढतं.

मग इंद्रायणीवरचा फेसही नैसर्गिकच का?

हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं: तो फेसही निसर्गाच्या नियमांनीच तयार होतो, पण म्हणून तो चालवून घ्यायचा नसतो. 'नैसर्गिक' हे चांगुलपणाचं प्रमाणपत्रच नाही. कॉलऱ्याचे जंतू नैसर्गिक आहेत, घोणसाचं विष नैसर्गिक आहे. अंगणातली कण्हेर पोटात गेली तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो. एखादी गोष्ट कुठून आली यापेक्षा ती किती प्रमाणात, कोणाला आणि काय इजा करते, हे विचारायला हवं. नदीत सोडलेल्या सांडपाण्याला हाच प्रश्न लावा आणि बिनलेबलच्या 'शुद्ध आयुर्वेदिक' पुडीलाही लावा. सांधेदुखीच्या अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं. आराम लगेच पडतो, पण साखर, रक्तदाब आणि हाडं यांचं नुकसान नंतर कळतं.

निसर्ग औषधाच्या बाटलीतही असतो

तंत्रज्ञान निसर्गाबाहेर आहे असं समजणाऱ्यांत दोन टोकं दिसतात. एक जण त्याला घाबरतो, दुसऱ्याला वाटतं की आपण निसर्गावर मात केली. दुसरी समजूतही तितकीच धोक्याची आहे.

पेनिसिलिन सर्रास मिळू लागण्याच्या आधीच, १९४० मध्ये, ते निकामी करणारा पदार्थ काही जीवाणूंमध्ये सापडला होता. बुरशी आणि जीवाणू यांचं हे भांडण माणसापेक्षा कितीतरी जुनं. आपण त्यात मागाहून उतरलो. प्रतिजैविक घेतलं की नाजूक जीवाणू आधी मरतात, चिवट मागे राहतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. कमी मात्रेत औषध घेतलं तर असे चिवट जंतू तयार होतील, असा इशारा फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेलच्या भाषणातच दिला होता. तरीही साध्या सर्दीला, जी विषाणूंमुळे होते आणि ज्यांच्यावर प्रतिजैविक चालतच नाही, आपण मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणतो. उद्या खरा न्यूमोनिया झाला की तीच गोळी लागू पडत नाही.

पहिल्या टोकाचा धोका त्याहून तातडीचा आहे. टाइप १ मधुमेहाच्या मुलाचं इन्सुलिन बंद करून कारल्याचा रस सुरू केला, तर काही दिवसांतच रक्तात आम्ल साठून जीव जाऊ शकतो. इन्सुलिन पूर्वी डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडातून काढत. १९८२ पासून जीवाणूंकडून बनवलेलं मानवी इन्सुलिन मिळू लागलं. म्हणजे 'कारखान्यातलं' हे इन्सुलिन आपल्या शरीरातल्या इन्सुलिनसारखंच आहे, जुन्या 'नैसर्गिक' इन्सुलिनपेक्षाही अधिक.

एवढं लक्षात ठेवा

- औषध नैसर्गिक आहे का, यापेक्षा विचारा: यात काय आहे, मात्रा किती, दुष्परिणाम कोणते?
- पाकिटावर लाल उभी रेघ असलेलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवू नका आणि शेजाऱ्यांनाही देऊ नका.
- काढा, चूर्ण, भस्म काहीही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. रागावतील म्हणून लपवू नका.
- इन्सुलिन, रक्तदाबाच्या किंवा फिटच्या गोळ्या मनाने बंद करू नका.

कारखान्यातली गोळी आणि परसातली तुळस, दोन्ही एकाच निसर्गातल्या आहेत. दोन्हींना नियम एकच लावा: आधी पारखा, मग घ्या.