बाळाच्या पोटावरचा मणी

दिल्लीत हिंदुराव म्हटलं की रिक्षावाला थेट रुग्णालयाच्या फाटकाशी नेऊन सोडतो. हे नाव कागलच्या घाटग्यांचं, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या भावाचं, हे इथे फार थोड्यांना ठाऊक आहे. १८३५ साली ब्रिटिश अधिकारी विल्यम फ्रेझरचा खून झाला आणि टेकडीवरचा त्याचा बंगला हिंदुरावांनी घेतला. १८५७ च्या दिल्लीच्या वेढ्यात त्या बंगल्याने तोफांचा मारा सोसला. मी त्याच टेकडीखाली, मलकागंजला राहतो. तीस वर्षं लहान नर्सिंग होमांची यंत्रं दुरुस्त करतो आहे.

मोजणारं यंत्र कसं चुकतं, ते दिल्लीने एकदा उघड पाहिलं. २९ मे २०२४ ला इथल्याच मुंगेशपूरच्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५२.९ अंश नोंदवले. त्याच दिवशी सफदरजंगला ४६.८ होते. दुसऱ्या दिवशी नागपूरहून मेव्हण्याचा फोन आला, "भाऊजी, इथं छप्पन्न सांगून राहिले!" हवामान खात्याने मुंगेशपूरच्या सेन्सरशेजारी प्रमाणित उपकरण ठेवून पडताळा घेतला. सेन्सर सुमारे तीन अंश जास्त दाखवत असल्याचं जाहीरही केलं. नागपूरचा आकडाही सेन्सरच्या बिघाडाचाच निघाला. खात्याची तेव्हा चेष्टा झाली, पण मला त्यांचं कौतुक वाटलं. चूक शोधली, मोजली आणि लोकांना सांगितली. माझ्या धंद्यात तीन अंशांची चूक कुणी सांगत नाही, कारण कुणी पाहतच नाही.

नवजात बाळाला ठेवतात त्या वॉर्मरचंच घ्या. वर हीटर असतो आणि बाळाच्या पोटावर चकचकीत चिकटपट्टीखाली एक प्रोब. त्या प्रोबच्या टोकाला मोहरीपेक्षा थोडा मोठा मणी असतो, तो थर्मिस्टर. मँगनीज, निकेल, कोबाल्ट यांची ऑक्साइडं भाजून तो घडवतात. तार तापली की तिचा रोध थोडा वाढतो. या मण्याचं उलटं आहे. उष्णतेने त्यातले जास्त विद्युतभार मोकळे होतात आणि रोध झपाट्याने उतरतो, अंशाला साधारण चार टक्के. मायकेल फॅरडेने १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये हा गुण पाहिला होता. तापाच्या डिजिटल थर्मामीटरच्या टोकाशी, एसीत, मोबाइलच्या बॅटरीत हाच मणी बसलेला असतो.

लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटमध्ये तो थोडक्या पैशांत मिळतो. जानेवारीच्या सकाळी माझ्या खोलीत बारा अंश असतात, तेव्हा मल्टिमीटरवर तो अठरा हजार ओहम दाखवतो. दोन बोटांत धरला की आकडा घरंगळत सात हजारांपाशी येऊन थांबतो. नव्या पोराला शिकवताना मी आधी हेच करून दाखवतो.

इतका संवेदनशील म्हणूनच तो जपावा लागतो. एका नर्सिंग होममधून बोलावणं आलं. पडद्यावर ३६.५, सगळं ठीक. पण सिस्टर म्हणाली, "भैया, मशीन ठीक बोल रही है, पर बच्चे के पैर ठंडे हैं." काखेत थर्मामीटर लावला तर ३४.८. नवजात बाळाचं तापमान ३६.५ च्या खाली जाऊ देऊ नये, म्हणजे ते बाळ गारठलं होतं. प्रोबच्या प्लगपाशी वायरचं वेष्टण चिरलं होतं आणि रोज पुसताना ओल आत गेली होती. ओलीतून वीज थोडी गळते, एकूण रोध कमी भरतो आणि यंत्र समजतं की बाळ गरम आहे. मग ते हीटर मंद करतं. यंत्र आपल्या हिशेबाने बरोबरच वागत होतं. चिकटपट्टी सुटली तर याच्या उलट होतं. मणी खोलीची हवा मोजतो आणि हीटर बाळाला भाजत राहतो.

प्रोब बदलला, बाळ तासाभरात ऊब धरू लागलं. मी मालकांना विचारलं, हा प्रोब शेवटचा कधी तपासला? नोंद नव्हती. यंत्र आलं तेव्हाचा हार घातलेला फोटो मात्र भिंतीवर होता.

माझं म्हणणं एवढंच आहे की वॉर्मरच्या खरेदीतच तपासणीचा खर्च धरा. जादा प्रोब खणात ठेवा. दर सहा महिन्यांनी प्रोब तपासा. तो सदतीस अंशांच्या पाण्यात प्रमाणित थर्मामीटरच्या जोडीने धरा, कारण खरी गरज त्याच अंशांवर आहे. या कामाला अर्धा तास लागतो. मूळ मापांची काळजी घेणारी राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा याच शहरात आहे आणि तिच्या मापांशी थर्मामीटर जुळवून देणाऱ्या प्रयोगशाळाही आहेत. तपासणीची तारीख यंत्रावर चिकटवा, बाळाच्या आईला वाचता येईल अशा जागी. नर्सिंग होमच्या परवान्याचं नूतनीकरण करताना सरकारने ती तारीख बघावी.

त्या सिस्टरने दुसऱ्याच दिवशी पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनाने तारीख लिहून वॉर्मरच्या दांड्याला लावली. आता सहा महिने झाले की ती मला स्वतःहून फोन करते.