स्थलांतराचा दाखला आणि कवितेची वही

महाविद्यालय बदलणे ही गोष्ट आपल्याकडे फार काळ आपत्तीच्या सदरात मोडत असे. वडिलांची बदली झाली, परीक्षेत अपयश आले, घरची स्थिती ओढगस्तीची झाली, की मुले टी. सी. आणि मायग्रेशनचा कागद घेऊन दुसऱ्या गावची वाट धरीत. आता ती योजनेची बाब होऊ पाहत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे विनियम केले. एका संस्थेत मिळविलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या खाती जमा व्हावेत आणि ते त्याला दुसऱ्या संस्थेत नेता यावेत, हा त्यांचा हेतू. ही वाट प्रत्यक्षात अजून अरुंद आहे. जागा रिकामी असावी लागते, अभ्यासक्रम जुळावा लागतो. तथापि नांदेडच्या वा चंद्रपूरच्या विद्यार्थ्याला पदवीच्या मध्यावरच हैदराबादचा, बडोद्याचा किंवा दिल्लीचा विचार करता येऊ लागला आहे, एवढे खरे. असा विद्यार्थी जर चार मंडळांत वावरणारा आणि शिवाय रात्री वही उघडून लिहीत बसणारा असेल, तर त्याने काय बरोबर न्यावे आणि काय मागे ठेवावे, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकांनी केवळ प्रवेशाच्या खिडकीवर सोपवून चालणार नाही.

त्याला सामान्यतः मिळणारा सल्ला एकच असतो: प्रमाणपत्रे जमव. या सल्ल्यात व्यवहार आहे, पण एक घोटाळाही आहे. उपक्रम आणि लेखन या दोन भिन्न जातीच्या गोष्टी तो एकाच फाईलमध्ये लावतो. उपक्रम मोजता येतो. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तासांचे काम पुरे केले की नोंद होते, आणि तसे व्हावे यात गैर काहीच नाही. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने तर तीस तासांचा एक श्रेयांक आणि वर्षाचे चाळीस श्रेयांक असे गणित घालून क्रीडा, कला, समाजसेवा यांनाही त्यात जागा करून दिली. ‘अभ्यासेतर’ या शब्दातले ‘इतर’ त्यामुळे हळूहळू गळून पडणार आहे. ज्यांनी वर्षानुवर्षे स्नेहसंमेलनाची दगदग फुकट केली त्यांना हा उशिरा मिळालेला न्याय वाटेल, आणि तो आहेही.

वहीतले लेखन मात्र या मापात बसत नाही. ते पवित्र असते म्हणून नव्हे. ही भाबडी समजूत साहित्याच्या प्राध्यापकांनीच अधिक पसरविली आहे. ते बसत नाही, कारण त्याची कालगणना वेगळी असते. अरुण कोलटकर यांनी १९४९ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. पदविका हाती आली ती १९५७ मध्ये. आजच्या विनियमांनुसार श्रेयांकांचे आयुष्य सात वर्षांचे. म्हणजे कोलटकरांच्या पहिल्या वर्षाच्या श्रेयांकांची मुदत पदविकेच्या उंबरठ्यावरच संपली असती! त्या आठ वर्षांची प्रत्येक भटकंती कवितेच्या कारणी लागली असे कोणी सिद्ध करू नये. पण मधल्या काळाचा हिशेब कोणी मागितला नाही, हे त्या कवीच्या पथ्यावर पडले असावे.

याची दुसरी बाजू ‘कोसला’त (१९६३) आहे. पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्यास येतो आणि वादविवाद मंडळ, वसतिगृहाचा कारभार, स्नेहसंमेलनातील नाटक असे एकेक अंगावर घेत जातो. निष्पन्न काय होते, तर पैशाची ओढाताण, परीक्षेतील घसरण आणि वडिलांशी दुरावा. महाविद्यालयीन उपक्रमशीलतेचे इतके निर्दय चित्र मराठीत क्वचितच असेल. समीक्षेने या कादंबरीतील अस्तित्ववादाची पुष्कळ चर्चा केली. या चिटणीसपदांकडे तिने त्या मानाने कमी पाहिले. नव्या गावी आलेला मुलगा पदे का स्वीकारतो? त्याला तेथे कोणी ओळखत नसते म्हणून. पद ही ओळख मिळविण्याची सर्वांत जवळची वाट असते. महाविद्यालय बदलणाऱ्या विद्यार्थ्यावर हा प्रसंग दुसऱ्यांदा येतो, आणि या वेळी मागच्या ठिकाणी गमावलेले स्थान भरून काढण्याची घाईही त्यात मिसळलेली असते.

नाटकवाल्या विद्यार्थ्याला मात्र हा युक्तिवाद जसाच्या तसा लागू करणे अन्यायाचे होईल. त्याच्या बाबतीत मंडळ हीच कला असते. पुण्यात १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकासाठी पावसाळाभर तालमी करणारा संच काही टी. सी.वर दुसऱ्या विद्यापीठात नेता येत नाही. कवी आपली वही पिशवीत घालून निघतो. दिग्दर्शकाला माणसे सोडून निघावे लागते. त्याने निघण्याचा मुहूर्त प्रवेशाच्या तारखेपेक्षा चालू प्रयोगाकडे पाहून ठरवावा. त्यात एखादे वर्ष गेले तरी हरकत नाही.

परंतु सर्वांत मोठा प्रश्न भाषेचा आहे, आणि सल्लागारांच्या यादीत नेमका तोच नसतो. दिल्ली विद्यापीठात पदवीच्या पहिल्या वर्षासाठी अभ्यासेतर गुणवत्तेवर प्रवेशाची एक वाट आहे. अलीकडच्या वर्षांत तिच्यात सर्जनशील लेखन हा प्रकारही आहे. पण हिंदीचा आणि इंग्रजीचा. नव्याने प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मराठी, ओडिया वा मल्याळम् कवीला तेथे आपली कविता दाखविण्याची सोय नाही. ज्या देशाच्या आठव्या अनुसूचीत बावीस भाषा आहेत, त्याच्या राजधानीतील विद्यापीठाला परीक्षक मिळत नाहीत असे कसे म्हणावे? परिणाम एवढाच होतो की, वीस वर्षांचे शहाणे पोर अर्ज भरण्याआधी भाषा बदलते. दोन भाषांत लिहिणे ही आपल्याकडे जुनी आणि सन्मान्य रीत आहे, आणि कोलटकरच तिचे ठळक उदाहरण. रकाना भरण्यासाठी भाषा टाकणे ही निराळी गोष्ट. ती नंतर सहसा उचलली जात नाही.

म्हणून स्थलांतराची योजना करताना विद्यार्थ्याने नव्या संस्थेतील मंडळांची संख्या पाहण्याआधी, आपले लिहिलेले तेथे कोण वाचील हे पाहावे. बनारस हिंदू विद्यापीठात, हैदराबादच्या उस्मानियात, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात मराठीचे विभाग आहेत. त्याचा विषय अर्थशास्त्र असो की रसायन, त्या दारावरून त्याने एकदा जावे. ग्रंथालयात मराठीची कपाटे आहेत का आणि ती उघडी असतात का, हेही विचारावे. पहिल्या प्रश्नापेक्षा दुसऱ्याचे उत्तर अधिक उपयोगी पडते. विभाग नसेल तर तीन-चार जुन्या मित्रांशी कवितांची देवघेव चालू ठेवण्याचा करार निघण्यापूर्वीच झालेला बरा. ज्या ठिकाणी आपली भाषा कानावर पडत नाही तेथे ती अधिक स्पष्ट ऐकू येते, असेही काही लेखक सांगतात. ते खरे असेल. पण ज्याची वाक्ये अजून बसायची आहेत त्याने त्या भरवशावर निघू नये.

प्रमाणपत्रे त्याने अवश्य घ्यावीत. जुन्या महाविद्यालयातील पदे जाण्याच्या एक सत्र आधी दुसऱ्याच्या हाती द्यावीत, हिशेब चुकते करावेत, वार्षिक अंकाची एक प्रत मागून घ्यावी. ती पुढे कोठे मिळत नाही. अपुरे लेखन अपुरेच बरोबर न्यावे. निघण्याच्या घाईत पुरी केलेली कथा नव्या गावी गेल्यावर वाचवत नाही. आणि तेथील पहिल्या सत्रात वाङ्मय मंडळाच्या बैठकीला जाऊन मागच्या बाकावर बसावे. चिटणिसाची निवडणूक पुढच्या वर्षीही होणारच असते.