सोयाबीनचा ओलावा मोजतात, घराचा कोण मोजणार?

आपल्या हिंगोली जिल्ह्यात सोयाबीन विकायला नेलं की आधी ओलावा मोजायचं मशीन पुढे येतं. १२ टक्क्यांच्या वर आकडा गेला की भाव पडला. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना, सरकारी खरेदीसाठी ही मर्यादा १५ टक्के करावी लागली. एवढं राजकारण ओलाव्यावर झालं. वसमतकडची हळद बघा. शिजवायची, वाळवायची, मगच पोत्यात भरायची. ओली भरली तर बुरशी धरते, हे शाळकरी पोरगंही सांगेल. मग पुराचं पाणी ओसरल्यावर ओल्या भिंतींच्या खोलीत चार लेकरं घेऊन राहणाऱ्या बाईच्या घराचा ओलावा कुणी का मोजत नाही?

मित्र-मैत्रिणींनो, हा प्रश्न सरकारला आहेच. पण आधी तो आपल्या मोहल्ल्याला आहे.

जुलै २०२२ मध्ये आसना नदीला पूर आला आणि वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात घराघरांत पाणी शिरलं. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत हिंगोली, परभणी, नांदेड या तिन्ही जिल्ह्यांना पावसाने झोडपलं. अशा वेळी आपली पोरं धावतात. खिचडीची पातेली चढतात, पाण्याच्या बाटल्या वाटल्या जातात, जातधर्म कुणी विचारत नाही. मी स्वतः अशा वाटपात असतो, पुढेही असेन. पण तिसऱ्या दिवशी फोटो टाकून झाले की सगळे घरी जातात. घर बिघडायला खरी सुरुवात तिथून होते. आणि ज्या मे महिन्यात घर सावरता आलं असतं, त्या महिन्यात आपण कुठेच नसतो.

चक्रीवादळ म्हणजे कोकणाची गोष्ट, असं आपल्याला वाटतं. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा निदान आधी इशारे मिळाले होते, लोकांना हलवलं होतं. आपल्याकडचं वळवाचं वादळ एवढी उसंत देत नाही. दुपारी आभाळ भरतं आणि संध्याकाळपर्यंत पत्रे शेजारच्या शेतात. आपण पत्रा धरून ठेवायला त्यावर दगड ठेवतो. वाऱ्याने पत्रा उचलला की तोच दगड खाली झोपलेल्या माणसावर पडतो. दगड काढा, पत्रा लोखंडी अँगलला हुकाने आवळा. कडेचे आणि कोपऱ्यातले पत्रे वारा आधी उचलतो, म्हणून तिथे हुक जवळजवळ हवेत. एका खोलीच्या हुकांना बिर्याणीच्या एका देगेइतका पैसा लागत नाही. देग मात्र आपल्याला लगेच सुचते, हुक सुचत नाहीत.

आता पंचनाम्याकडे या. २०२२-२३ ते २०२५-२६ साठीच्या सरकारी निकषांप्रमाणे सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये ठरले होते. पडझड अंशतः असेल तर ती किमान १५ टक्के दिसली पाहिजे, मग पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,०००. भिंत उभी आहे पण छातीपर्यंत ओली आहे, चार महिने खोलीला वास येतोय, गाद्या काळ्या पडल्यात, याला त्यात जागा नाही. सोयाबीन ओलं असेल तर शेतकऱ्याचे पैसे कापले जातात. घर ओलं असेल तर त्या ओलीचा हिशोब कुणी धरत नाही.

ही ओल सगळ्यांना सारखी लागत नाही. पुरुष दुकानावर, चौकात, मशिदीत असतो. दिवसभर त्या हवेत श्वास घेतात त्या बाया, म्हातारी माणसं आणि लेकरं. ओलसर, बुरशीच्या घरात राहणाऱ्यांना खोकला, धाप आणि दम्याचा त्रास जास्त होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच सांगितलंय. त्यात आपल्याकडे पडद्याच्या नावाखाली खिडक्या बंद. ज्या घराला वारा हवा, त्याचीच दारं आपण लावून घेतो. पडदा राखायचाच असेल तर खिडकीला जाळी बसवा, वर झरोका पाडा. बाईची इज्जत तिचं फुप्फुस खराब करून राखली जात नाही.

बुरशी एक-दोन दिवसांतच धरायला लागते. म्हणून पाणी ओसरताच मेन स्विच बंद आहे ना ते बघून चिखल काढा, भिजलेल्या कापसाच्या गाद्या टाकून द्या, दारं-खिडक्या उघडा, कपाटं भिंतीपासून ओढा. बुरशी खरडताना तोंडाला मास्क लावा. ब्लीचिंग पावडर आणि संडासचं ॲसिड कधीच एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. ओल्या भिंतीवर रंग मारला तर बुरशी झाकते, मरत नाही. आणि घराचा ओलावा मोजायला महागडं मशीन लागत नाही. हातभर प्लॅस्टिक भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावा, एक दिवस थांबा. आतून थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे, रंगाचा डबा उघडू नका.

कुणी म्हणेल, अल्लाहची मर्जी. उंट आधी बांधायची हदीस आपण प्रत्येक बयानात ऐकतो. मग पत्रा का बांधत नाही? कुणी म्हणेल, हे सरकारचं काम. बरोबर आहे. नालेसफाई पावसाच्या आधी झाली का, हे नगरपरिषदेला आणि ग्रामसभेत विचारलंच पाहिजे. पंचनाम्यात ओल मोजा, अशी मागणी लेखी दिली पाहिजे. पण जो मोहल्ला स्वतःच्या ओल्या घरांची यादी करत नाही, त्याच्या अर्जाला वजन येत नाही.

म्हणून माझी मागणी. मृग लागायच्या आत प्रत्येक मोहल्ल्यात पोरापोरींची एक टीम निघावी. पोरी हव्यातच, कारण आतल्या खोलीची भिंत त्यांनाच बघायला मिळते. कुणाचे पत्रे दगडांवर आहेत, कुणाचं घर नाल्याला लागून आहे, कुठे एकटी म्हातारी राहते, हे वहीत लिहा. जमातीने मदतीच्या पैशातला काही भाग हुकांना आणि प्लॅस्टिकला द्यावा. रेशन कार्ड, आधार, घराचा आठ-अ, निकाहनामा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उंचावर ठेवायला लावा. कागद हरवला की काय होतं, हे आपल्या समाजाला वेगळं सांगायला नको. मशिदीचं किंवा शादीखान्याचं दार पुराच्या रात्री बायांनाही, शेजारच्या गल्लीतल्या हिंदू-बौद्ध घरांनाही उघडं असेल, हे आत्ताच ठरवा, त्या रात्री नको. आणि पाणी ओसरल्यावर महिनाभर दर जुम्याला त्याच घरांत जाऊन भिंतीवरचं प्लॅस्टिक बघा.

याचे फोटो चांगले येणार नाहीत. सुकलेल्या भिंतीचा फोटो कोण लाइक करतो? तरी हेच काम करा.