मुरारीलालला ओळख कोण देणार?

गेल्या गणपतीत आमच्या गल्लीच्या मंडळाने एका रात्री पडदा बांधून ‘आनंद’ दाखवला. नव्या पोरांना काहीतरी जुने, चांगले दाखवावे ही आम्हा म्हाताऱ्यांची हौस, खर्च पोरांचा. पाऊसही त्या रात्री शहाण्यासारखा थांबला. शेवटी टेपरेकॉर्डरमधून राजेश खन्नाचे हसणे ऐकू आले, तेव्हा बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले आणि पुरुषांच्या बाजूला नाके वाजली. इथवर ठीक. माझे भांडण आहे ते दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या गाडीवर ऐकलेल्या मतांशी.

पहिले मत निवृत्त हेडमास्तरांचे. मरण हसत कसे स्वीकारावे, हा म्हणे या चित्रपटाचा संदेश. दुसरे बेंगळूरहून सुट्टीला आलेल्या एका तरुणाचे. “काका, फार रडका पिक्चर. आणि असली मैत्री मोठ्या शहरात होतच नाही. मी चार वर्षं एका फ्लॅटमध्ये राहतोय, पार्टनरच्या गावाचं नाव मला ठाऊक नाही.” तिसरे आमच्या डॉक्टरांचे: आतड्याचा लिम्फोसार्कोमा झालेला माणूस शेवटच्या महिन्यांत असा बागडत फिरणार नाही. चौथे म्हणजे मत नव्हेच, पन्नास वर्षे तुंबलेला खटला आहे: राजेश खन्ना मोठा की अमिताभ?

डॉक्टरांचे म्हणणे मी मान्य करून टाकतो. त्यांचा अभ्यास आहे, माझा नाही, आणि त्याने चित्रपटाचे काही बिघडत नाही. खटल्याबद्दल एवढेच सांगतो की फिल्मफेअरने एकाला नायकाचे आणि दुसऱ्याला सहनायकाचे पारितोषिक देऊन तो तेव्हाच मिटवला होता. ज्यांना उकरून काढायचा त्यांनी काढावा. मला विचाराल तर या मैत्रीचे ओझे वाहतो तो भास्कर. आनंद बोलून मोकळा होतो; डॉ. भास्कर बॅनर्जीला बोलताच येत नाही, म्हणून तो रात्री वही काढून बसतो.

खरे उत्तर द्यायचे आहे ते हेडमास्तरांना आणि त्या तरुणाला. दोघांची मते एकमेकांच्या उलट वाटतात, पण चूक एकच आहे. दोघांनीही हा आजाराचा आणि मरणाचा चित्रपट मानला.

नामावली कोण वाचतो? पण हृषीकेश मुखर्जींनी हा चित्रपट दोघांना अर्पण केला आहे: राज कपूर यांना आणि मुंबई शहराला. राज कपूर यांचे कारण माहीत आहे. दोघांची दोस्ती होती आणि ‘बाबू मोशाय’ हे राज कपूर यांनीच हृषीदांना लावलेले संबोधन. पण शहराला कशासाठी? मरणाचीच गोष्ट सांगायची असती तर ती कुठल्याही गावात सांगता आली असती. मुंबई लागली, कारण इथे सगळेच उपरे आहेत. डॉक्टर बंगाली, रोगी दिल्लीहून आलेला पंजाबी, दवाखाना कुलकर्ण्यांचा, मेट्रन डिसा ख्रिस्ती, नाटक कंपनीचा मालक ईसाभाई सुरतवाला. (जाता जाता आपली माणसे मोजून घेऊ, तो आपला जुना छंद आहे: रमेश देव, सीमा देव, ललिता पवार, दुर्गा खोटे, आणि कॅमेऱ्यामागे जयवंत पाठारे.) आणि या सगळ्या उपऱ्यांत आनंद काय करतो? रस्त्यात दिसेल त्या अनोळखी माणसाच्या पाठीवर थाप मारतो आणि ओरडतो, “मुरारीलाल!”

लोक वैतागतात. मी तो नव्हे म्हणतात, चालते होतात. त्यांचे काय चुकले? मोठ्या शहरात अंगचटीला येणाऱ्या माणसापासून खिसा सांभाळावा, हेच आपण पहिल्या दिवशी शिकतो. आणि मग एक दिवस जॉनी वॉकर भेटतो. थाप पडल्यावर तो पाव क्षणही न दवडता आनंदला ‘जयचंद’ करून टाकतो आणि जुन्या ओळखीच्या गप्पा सुरू होतात. दोघेही खोटे बोलत आहेत हे दोघांनाही ठाऊक आहे. माझ्या मते चित्रपट या जागी आहे. बाकीच्या प्रसंगांत आनंद देतो आणि लोक घेतात. इथे पहिल्यांदा कोणी त्याला परत देतो. म्हणून शेवटी, आयुष्यभर आपल्याला हसवलेला तो जॉनी वॉकर बाहेर जाऊन रडतो, तेव्हा ते रडणे सगळ्यात जड लागते.

एक आक्षेप मात्र मी स्वतःच घेतो, कारण चहाच्या गाडीवर तो कोणी घेतला नाही. भास्करच्या घरात नोकर आहे आणि पाहुण्याला राहायला जागा आहे. 1971 साली मी लालबागला एका खोलीत राहत होतो. आम्ही चौदाजण होतो आणि पाळ्यांनी झोपत होतो; दिवसपाळीवाला उठला की त्याच्याच वळकटीच्या जागी रात्रपाळीवाला आडवा व्हायचा. खानावळवाल्या बाईंचा डबा, नळावरची रांग, संडासाची रांग. हृषीदांच्या मुंबईत ही मुंबई फार थोडी येते. तेवढा उणेपणा पत्करूनच मी पुढचे बोलतो.

खोलीत खानापूर तालुक्यातला एकजण होता. मिलमध्ये बदली कामगार. त्याला खोड होती. नळावर, खानावळीत, बसच्या रांगेत, कोणीही दिसला की, “काय पाव्हणं, कवा आलासा गावासनं?” समोरचा रत्नागिरीचा असो की जौनपूरचा. मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. मी दोन पावले मागे राहून चालत असे. ‘आनंद’ लागला तेव्हा आम्ही दोघे मिळून गेलो होतो. बाहेर पडल्यावर तो म्हणाला, “ह्यो तर माझाच धंदा करतोय.” मी हसलो नाही. माझे डोळे पुसणे चालू होते.

1973 च्या पावसाळ्यात तो खोकू लागला. पुढे क्षय निघाला. चौदाजणांची खोली, सगळ्यांना बायकापोरे. बैठक बसली आणि त्याने गावी जावे असे ठरले. आजही कोणी त्या निर्णयाला चूक म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. मी त्याला मुंबई सेंट्रलला एस.टी.त बसवून दिले. त्याची दोन पत्रे आली, पोस्टकार्डे. पहिल्याला मी उत्तर धाडले. दुसऱ्यात त्याने लिहिले होते, दिवाळीला बेळगावला आलास की येऊन जा. त्या दिवाळीला मी आलो होतो, चार दिवस राहिलो. खानापूर इथून तासाभराच्या वाटेवर. गेलो नाही. का, ते मला आजवर नीट सांगता आलेले नाही. भीती म्हणावी तर त्याच खोलीत मी त्याच्याशेजारी दोन वर्षे झोपलो होतो. 1975 मध्ये तो गेल्याचे दुसऱ्याच कोणाकडून कळले. त्याच वर्षी ‘आनंद’ पुन्हा लागला, मी पुन्हा गेलो, आणि ठरल्या जागी, ठरल्या वेळी पुन्हा रडलो.

माझा राग इथला आहे. रडण्यावर नाही; इतके स्वस्तात रडायला मिळते त्यावर. हेडमास्तर, मरण हसत स्वीकारणारा लाखात एक असेल, तुमच्या-माझ्याकडून कोणी ते मागितलेलेही नाही. मागितले आहे ते पाठीवर थाप पडली की ओ देणे, आणि ते आपल्याला जमत नाही म्हणून आपण चित्रपटाला अध्यात्मात ढकलतो. आणि बाळा, मोठ्या शहरात अशी मैत्री होत नाही हे तुझे वाक्य मी तुझ्या जन्माआधी म्हटलेले आहे. मैत्री होत होती. ती मोठ्याने हाका मारत होती आणि मी दोन पावले मागून चालत होतो. पार्टनरच्या गावाचे नाव विचारायला चार वर्षे लागत नाहीत.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी सूचना मांडली: पुढल्या वर्षी ‘आनंद’ पुन्हा दाखवावा, पण ईसाभाईने ओळख दिली की तिथेच मशीन बंद करावे. खजिनदार म्हणाले, मग लोक रडणार कधी, आणि न रडता गेले तर पट्टी कोण देणार? मतदान झाले. सूचनेच्या बाजूने एक हात वर आला, तो माझा. बेंगळूरचा तरुण सुट्टी संपवून केव्हाच परत गेला होता, आणि चहा आणणाऱ्या पोराला मत नव्हते.