कागदाची ट्रंक आणि मोबाइलमधील नोंद

शेतकऱ्याच्या घरातील पत्र्याची ट्रंक उघडली तर तीत खरेदीखत, सोसायटीच्या पावत्या, माती परीक्षणाची पत्रिका, मोटारीचे हमीपत्र आणि जुन्या लग्नपत्रिका एकत्र नांदताना आढळतात. हे सारे मोबाइलच्या कॅमेऱ्याने टिपून कागदांतून कायमचे मोकळे व्हावे, असा सल्ला आता गावोगाव दिला जातो. सल्ला मोह पाडणारा आहे. परंतु तो अर्धाच खरा आहे.

दुकानांतील बिले हल्ली पुष्कळदा उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापली जातात. त्यात शाई नसतेच. कागदावरील रासायनिक लेप तापून काळा पडतो. असा कागद उन्हात, गरम जागी किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत राहिला की अक्षरे पुसट होत जातात. जूनमध्ये पेरलेले सोयाबीन उगवले नाही, तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढे बिल, पिशवी, तिच्यावरील लेबल आणि राखून ठेवलेले थोडे बियाणे हाच शेतकऱ्याचा आधार. बिलच कोरे झाले असेल तर दाद कशाच्या बळावर मागावयाची? म्हणून बियाण्याचे बिल खरेदीच्या दिवशीच टिपून ठेवणे ही चैन नव्हे. लॉट क्रमांक स्पष्ट वाचता येतो की नाही, हे तर दुकानातच पाहावे.

तथापि छायाचित्र म्हणजे नोंद नव्हे. वरातीच्या आणि वासरांच्या हजार चित्रांत हरवलेले बिल व ट्रंकेच्या तळाशी हरवलेले बिल यांत फरक तो कोणता? त्यासाठी साधा तक्ता हवा : दिनांक, गट क्रमांक, पीक, दुकान, बिल क्रमांक, लॉट क्रमांक, रक्कम आणि मूळ कागद कोठे आहे ते. चित्राला '२०२५-०६-१८ सोयाबीन बियाणे' असे वर्ष, महिना, दिवस या क्रमाने नाव दिले की ती आपोआप तारीखवार लागतात. ॲप कोणते, हा प्रश्न दुय्यम होय. मात्र ज्यातून तक्ता बाहेर काढून दुसरीकडे नेता येत नाही असे ॲप घेऊ नये. ते बंद पडले की वर्षानुवर्षांचा हिशेब त्याच्याबरोबर जातो. दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी, कारण मोबाइल विहिरीतही पडतो.

मूळ कागद फेकण्याची घाई मात्र अनाठायी आहे. २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये शासकीय खात्याने थेट दिलेला दाखला मूळ प्रतीच्या बरोबरीचा मानला जातो. शेतकऱ्याने स्वतः चढविलेल्या छायाचित्रास तो मान नाही. मृत्युपत्राला तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० लागूच होत नाही. तेव्हा मृत्युपत्र आणि खरेदीखत ट्रंकेतच राहू द्यावे. उलट सातबाऱ्याच्या जुन्या प्रतींचा गठ्ठा वाढविण्याचे कारण उरलेले नाही. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा हवा तेव्हा ताजा मिळतो आणि फेरफार झाल्यावर जुना सद्यःस्थिती दाखवीत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना हा तक्ता घालून द्यावा, हे इष्टच. परंतु अर्ज भरताना शेतकऱ्यांच्या आधार पत्रिका व पासबुके स्वतःच्या मोबाइलवर टिपून ती तशीच महिनोन्‌महिने बाळगणे, किंवा गावाच्या व्हॉट्सॲप गटावर मागविणे, ही पद्धत सोडावी. अर्ज दाखल होऊन पोच मिळाली की ती चित्रे शेतकऱ्यासमक्ष पुसून टाकावीत.