उकिडवे बसणारा गुडघा

उत्तनला मासळी विकणाऱ्या एक मावशी परवा भाईंदरच्या माझ्या दवाखान्यात आल्या. मांडीतली रक्तवाहिनी अरुंद झालेली, जाळी बसवायला सांगितलेली. त्यांचा प्रश्न एकच: "डॉक्टर, मग मला उकिडवं बसून धंदा करता येईल ना?"

प्रश्न साधा नाही. मांडीतल्या बहुतेक जाळ्या निकेल-टायटॅनियमच्या 'निटिनॉल' या मिश्रधातूच्या असतात. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत १९६०च्या सुमारास त्याचा गुण कळला. थंड करून दुमडलेला हा धातू अंगाच्या उबेने मूळ आकारात येतो. आतल्या अणूंची मांडणीच बदलते. मात्र पुन्हापुन्हा वाकवला तर त्यालाही चीर पडू शकते.

ती कुठे पडेल, हे आधी संगणकावर पाहतात. जाळीचे हजारो बारीक तुकडे कल्पून प्रत्येकातली मांडणी किती बदलली, ताण किती आला, याचा हिशेब करतात. दहा वर्षांत नाडीचे सुमारे ३८ कोटी ठोके पडतात, तेही त्यात धरतात. काम मोलाचे, यात शंका नाही. पण संगणकात गुडघा आपण सांगू तेवढाच वाकतो! चालणे, जिना, खुर्ची एवढेच गृहीत धरले तर मांडी घालणे, उकिडवे बसणे, आपल्या पद्धतीचा संडास हे हिशेबात येणारच कसे? कोणत्या बैठकींवर जाळी तपासली, हे प्रत्येक कंपनीने माहितीपत्रकात छापलेच पाहिजे, असे माझे मत आहे.

तोवर वाचकहो, जाळी बसवण्याआधी आपण दिवसभर कसे बसतो ते डॉक्टरांना सांगा. मावशींनी तर बसूनच दाखवले. तसे चिठ्ठीत लिहून मी त्यांना सर्जनकडे पाठवले आहे.